मायक्रोड्राकॉइड्स: खोड असलेला लव्हाळा ओळखताना आणि नमुना घेताना या चुका टाळा

पश्चिम आफ्रिकेत गिनी, सिएरा लिओन आणि पुढे नायजेरिया, कॅमेरून या भागात सपाटीतून एकट्याच वर आलेल्या ग्रॅनाइटच्या कातळटेकड्या आहेत. त्यांना इन्सेलबर्ग म्हणतात. त्यांच्यापैकी मोजक्याच टेकड्यांवर मायक्रोड्राकॉइड्स स्क्वामोसस वाढते. ही वनस्पती नागरमोथ्याच्या कुळातली, म्हणजे सायपरेसीतली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आँरी ह्यूआ यांनी 1906 साली तिचे वर्णन केले आणि मायक्रोड्राकॉइड्स या प्रजातीत (जीनसमध्ये) आजही ही एकच जात आहे. लव्हाळा म्हणजे ओलीत वाढणारा, तिधारी दांड्याचा, गुडघ्याएवढा, ही समजूत घेऊन गेलात तर तिच्या शेजारून निघून जाल. जाड, फांद्या फुटलेली खोडे आणि टोकाला पानांचे झुबके पाहून बहुतेकांना एखादा ड्रासीना किंवा छोटा ताड आठवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोरडे झाड मेले असे समजणे. कोरड्या ऋतूत इथला कातळ भाजून निघतो आणि पाने गुंडाळून भुरकट होतात. याच गटातल्या आफ्रोट्रिलेपिस पिलोसाची पाने वाळताना हरितद्रव्यसुद्धा मोडून टाकतात आणि पाऊस पडला की ते नव्याने तयार करतात. त्यामुळे रंगावरून निदान करू नका. शेंड्याचा एक पानांसकट तुकडा पाण्यात उभा ठेवा आणि काही दिवस थांबा. पाने उलगडून मऊ आणि हिरवी झाली तर झाड जिवंत आहे. वणव्यात काळवंडलेल्या खोडांनाही हीच कसोटी लावा. (सरावासाठी आफ्रिकेत जायची गरज नाही. सह्याद्रीच्या कातळावरचे ट्रायपोगॉन गवतही असेच वाळून पुन्हा हिरवे होते.)

दुसरी चूक खोडाबाबतची. ते लाकूड नाही. मधोमध बारीक काडी असते आणि तिच्याभोवती जुन्या पानांच्या तळांचा व मुळांचा दाट थर असतो. वाढवलये नसतात, म्हणून वय मोजायला खोड आडवे कापणे म्हणजे झाडाचा निष्कारण बळी. ‘कचरा’ समजून तो थरही सोलू नका. त्यातल्या मुळांना ऑर्किडच्या मुळांसारखे स्पंजी आवरण असते. पाऊस आणि धुके ते झटकन शोषून घेते. थर सोलला की त्या फांदीचा पाणीपुरवठाच तुटतो.

नमुना घेताना एकाच झुबक्यावर समाधान मानले की ओळख अडते. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. फुलोऱ्याची एक कणिशिका (फुलांचे छोटे कणीस) गरम पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून पाचेक मिनिटे भिजवा आणि 10 पट भिंगाखाली सुईने उघडा. फक्त परागकोश दिसले तर नर, अंडाशय आणि कुक्षी दिसल्या तर मादी. दोन्ही झाडांचे नमुने घ्या, वेगळे क्रमांक द्या आणि मादीवरची पिकलेली फळे कागदी पाकिटात वेगळी ठेवा. पूर्ण झाड उपटायचे कारण नाही. फांद्या फुटलेले झाड निवडून एकाच फांदीचा वरचा 20 सें.मी. भाग कात्रीने कापला की पुरे.

तोच तुकडा उभा चिरून दाबावा, म्हणजे आतली काडी आणि भोवतालची मुळे दोन्ही दिसतात. पाने कडक असतील तर आधी ओल्या कागदात दोन-तीन तास गुंडाळा, नाहीतर दाबताना तुकडे पडतात. खोड जाड आणि पाने पातळ असल्यामुळे दाब नीट बसत नाही आणि पाने सुरकुततात. पानांवर वर्तमानपत्राच्या घड्या ठेवून उंची सारखी करा. पानांच्या तळांचा थर पाणी धरून ठेवतो आणि बुरशी नेमकी तिथेच धरते, म्हणून पहिला आठवडा रोज कागद बदला. डीएनएसाठी कोवळ्या पानाचा तुकडा वेगळा घ्या. तो सुकवायला 1 ग्रॅम पानाला निदान 10 ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) लागते.

जवळच्या नातलगांशी गल्लत होतेच. आफ्रोट्रिलेपिस पिलोसा कातळभर गालिच्यासारखी पसरते आणि तिची पाने केसाळ असतात. कोलिओक्लोआची पाने दोन रांगांत येतात, म्हणून झुबक्याचा फोटो वरूनही काढा. हे ओळखणे उपयोगाचे आहे, कारण कॅमेरूनच्या डोम परिसरातली कोलिओक्लोआ डोमेन्सिस 2010 मध्येच शास्त्राला कळली. ‘नेहमीचेच आहे’ म्हणून सोडलेला झुबका नवी जात असू शकतो.

परवानगीशिवाय काही तोडू नका. जैविक संसाधनांच्या वापराबाबतचा आंतरराष्ट्रीय नागोया करार 2014 पासून लागू आहे आणि मूळ देशाच्या लेखी संमतीशिवाय घेतलेला नमुना पुढे संशोधनात अडकतो. कॅमेरूनमधल्या नमुन्याची एक प्रत याउंदे येथील राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहात द्या. चिठ्ठीवर नुसते ‘कातळावर’ लिहू नका. उताराचा कोन, दिशा, उंची, खोडाचा घेर, झाड नर की मादी आणि त्या दिवशी पाने हिरवी होती की वाळलेली, हे सगळे जागेवरच लिहा. दाबलेल्या नमुन्यावरून यातले बहुतेक काही नंतर कळत नाही.