रहस्यकथाकाराला दुसरी संधी देताय? या चुका टाळा

अगाथा ख्रिस्तींना मी एकदा कायमचा रामराम ठोकला होता. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मानं पुण्याला निघाले होते, वाटेत एक कादंबरी सहज संपेल म्हणून पिशवीत टाकलेली. दौंड आलं तरी खून कुणाचा आणि कधी झाला, याचा पत्ता नाही. पात्रं तेच ते बोलत होती. पुस्तक मिटलं, आणि पुढची कितीतरी वर्षं "या बाईंचं एवढं कौतुक कशाला?" असं सगळ्यांना सांगत राहिले.

ती कादंबरी १९७३ सालची होती. ख्रिस्तींनी लिहिलेली शेवटची. ती आली तेव्हा त्यांचं वय ८३. पहिली आली होती १९२० साली. पन्नासहून जास्त वर्षं लिहिणाऱ्या लेखिकेला मी तिच्या सर्वांत सैल विणीच्या पुस्तकावरून जोखलं, ही माझी मोठी चूक. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातली हाताला लागेल ती उचलून अर्नाळकर कसे कळणार?

म्हणून दुसऱ्यांदा पुस्तक निवडताना आतल्या पानावरचं साल बघा. मराठी आवृत्तीचं नव्हे, मूळ पुस्तकाचं. ख्रिस्तींचं १९२६ ते १९३९ या काळातलं काहीही घ्या. साल कधी चकवतंही. ख्रिस्तींचा गुप्तहेर पॉयरो, त्याची अखेरची कादंबरी प्रसिद्ध झाली १९७५ला, पण त्यांनी ती लिहून ठेवली होती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. वीण घट्ट आहे, तरी सुरुवात तिच्यापासून नको. ज्याला आपण भेटलोच नाही, त्याचा निरोप काय घ्यायचा!

अनुवाद असेल तर 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असं छापलंय का, ते तपासा. संक्षेप करताना आधी कात्री लागते ती पाल्हाळ वाटणाऱ्या मजकुराला: चहाच्या टेबलावरच्या गप्पा, घड्याळाकडे टाकलेली नजर, बागेतली फेरी. रहस्यकथेत धागेदोरे नेमके तिथंच दडवलेले असतात. ते गेले की शेवट उपटसुंभ वाटतो आणि बोल लेखकाला लागतो.

इंग्रजी नावांचा गोंधळ होत असेल, तर खुणेच्या चिठ्ठीवर कोण कुणाचं कोण ते लिहीत जा. मालिका किंवा सिनेमा आधी बघू नका. दहा-दहा पानांचे तुकडे पाडूनही वाचू नका. चार दिवसांचा खंड पडला की मागचं विसरतं.

आता सर्वांत महत्त्वाची चूक. नवी पेठेतल्या आमच्या वाचनालयातून मी ख्रिस्तींचं १९३०च्या दशकातलं एक पुस्तक आणलं. शेंगाचटणी-भाकरी खाऊन गच्चीवर वाचत बसले, तर चाळिसाव्या पानाच्या समासात एका नावाला पेन्सिलीचं वर्तुळ आणि शेजारी 'हाच खुनी'. इतका राग आला! दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला वाचनालयात गेले.

"काका, दुसरी प्रत आहे का? कुणीतरी सगळं फोडून ठेवलंय."

"दुसरी नाही, ताई. पण खुनी कोण ते कळलं, त्यानं कसं केलं ते कुठं कळलंय? वाचा की."

वाचलं. आणि खुनी माहीत असल्यामुळेच मला बाईंची कारागिरी दिसली. तो माणूस जवळजवळ प्रत्येक प्रकरणात समोर होता. त्याची उत्तरं बहुतेक खरी होती. फक्त विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारून जाणारी. एरवी मी ती वाचून सरळ पुढं गेले असते. महत्त्वाचं वाक्य आलं की पुढच्याच ओळीत कुणीतरी खोलीत शिरायचं, आणि आपलं लक्ष दाराकडे! हे तीनदा झालं तेव्हा मी मागची पानं उलटून पुन्हा वाचायला लागले. नाव कळलं की कथा संपली असं समजू नका. शेवट वाचून झाल्यावर निदान पहिली तीन प्रकरणं परत वाचा. लेखक प्रामाणिकपणे खेळला की नाही, ते तिथंच कळतं.

परत करण्याआधी ते वर्तुळ मी रबरानं खोडलं. पान उजेडात धरलं की ठसा अजून दिसतो, म्हणून काकांना नवी प्रत मागवायला सांगितली आहे.