वंशावळीच्या अभ्यासाचे औपचारिक शिक्षण: कोल्हापुरातून वाट कशी आखावी

महाविद्यालयाच्या प्रवेशपुस्तिकेत ‘वंशावळशास्त्र’ असा विषय शोधत बसू नये. तो आपल्याकडे स्वतंत्र पदवी म्हणून शिकवला जात नाही. तरीही ज्याला हा अभ्यास हौसेपुरता न ठेवता शिस्तीने करायचा आहे, त्याला कोल्हापुरात राहून इतिहासाची पदवी, मोडी लिपी आणि दप्तरातील प्रत्यक्ष काम यांची सांगड घालता येते. त्यानंतर गरज वाटली तरच परदेशी विद्यापीठाचा विचार करावा. हा क्रम उलटा करणाऱ्याचा पैसा बहुधा वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदवीसाठी इतिहास हा मुख्य विषय घ्यावा आणि जोडीला समाजशास्त्र असल्यास उत्तम, कारण कुळी, देवक, विवाहसंबंध आणि दत्तकविधान समजल्याशिवाय वंशावळ म्हणजे नुसती नावांची उतरंड ठरते. १८८० साली सुरू झालेल्या राजाराम महाविद्यालयापासून शहरात पर्याय पुष्कळ आहेत. मात्र प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा मानावा: मूळ कागदपत्रांवर आधारलेला संशोधन प्रकल्प करू देणारे प्राध्यापक विभागात आहेत का? नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला वाव आहे, आणि आपल्याच तालुक्यातील एखाद्या वतनदार (पिढीजात हक्काचे काम व जमीन असलेल्या) घराण्याच्या चार-पाच पिढ्या कागदांवरून सिद्ध करणे हा त्यासाठी अगदी योग्य आवाक्याचा विषय आहे.

पदवीच्या पहिल्याच वर्षी मोडीला हात घालावा. मोडीचे वर्ग आणि परीक्षा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयामार्फत होतात, इतर संस्थाही वर्ग चालवतात. चालू वर्षाचे वेळापत्रक तेवढे आधी विचारून घ्यावे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आणि वर्गांना गर्दीही झाली. पण अक्षर लागणे आणि कागद समजणे यांत बरेच अंतर असते. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि ‘बिन’, ‘वलद’ (अमक्याचा मुलगा), ‘कोम’ (अमक्याची बायको) अशा दोन-तीन अक्षरी शब्दांवर बाप-लेक की नवरा-बायको हे नाते ठरते. तो एक शब्द चुकला, की पुढची सगळी शाखा भलत्याच घरात जाते.

तारखांचेही तसेच आहे. ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ असे कागदावर दिसले, तर दोन, पन्नास, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील, अरबी संख्यानामांनी लिहिली जाणारी कालगणना) ११५२ होतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवावे लागतात. म्हणजे तो कागद १७५१-५२ चा. शके, फसली (महसुली वर्ष) आणि हिजरी यांची गणितेही अशीच स्वतःच्या हाताने सोडवावीत. मोबाईलवरचे तयार कोष्टक पडताळणीपुरते ठीक असते.

सरावासाठी कोल्हापूरइतकी सोयीची गावे थोडी आहेत. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे दप्तर येथे आहे आणि तेथे संस्थानकालीन कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सांभाळलेले आहेत. महाविद्यालयाचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र घेऊन रीतसर अर्ज करावा. अर्जात ‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ असे मोघम न लिहिता गाव, पेटा (तालुक्यासारखा जुना विभाग), वतनाचा प्रकार आणि अंदाजे काळ लिहावा, म्हणजे नेमका रुमाल निघण्याची शक्यता वाढते. वतनाच्या वादातील महजर (पंचांसमोर झालेले निवाडे), कैफियती (पक्षकारांची निवेदने) आणि वाटणीपत्रे आधी पाहावीत, कारण हक्क सांगताना दोन्ही पक्षांनी आपापली वंशावळ दिलेली असते. दोन्ही बाजूंना स्वार्थ असल्याने एकीवरच विसंबून राहू नये, हे वेगळे सांगायला नको.

दत्तकाचा प्रश्न कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. राजर्षी शाहू महाराज १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ साली दत्तकविधानाने करवीरच्या गादीवर आले. त्यांची वंशावळ मांडताना जन्माची रेषा आणि दत्तकाची रेषा वेगवेगळ्या खुणांनी दाखवावी लागते. हीच शिस्त साध्या पाटलाच्या किंवा कुलकर्ण्याच्या घरालाही लावावी. जातीच्या दाखल्यासाठी शपथपत्रावर जी वंशावळ देतात, तिचा हेतू मर्यादित असतो. तिला संशोधन समजू नये.

हेळवी आणि तीर्थोपाध्ये हे आपल्याकडचे वंशावळीचे परंपरागत जाणकार. सुगीनंतर दारी येऊन घराण्याची पिढीजात माहिती सांगणाऱ्या हेळव्याचे कथन ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर आधी त्याची परवानगी घ्यावी, बिदागी द्यावी, आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख लगेच टिपावी. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतील नोंद मिळाली, तर पानाचा संदर्भही घ्यावा. प्रबंधात मौखिक आणि लेखी पुरावा स्वतंत्र दाखवला नाही, तर परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेतात.

पदव्युत्तर टप्प्यावर १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा इतिहास अधिविभाग जवळ आहे. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते आणि ताराबाईकालीन कागदपत्रांचे त्यांनी केलेले संपादन मूळ कागद कसे छापावेत याचा नमुना म्हणून वाचावे. ज्यांना दप्तरखान्यात नोकरी करायची आहे, त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेखव्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पाहावा.

वंशावळशास्त्राच्या नावानेच पदवी हवी असेल, तर स्कॉटलंडमधील ग्लासगोचे स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ प्रमाणपत्र, पदविका आणि एम.एस्सी. अशा पायऱ्यांनी हा विषय ऑनलाइन शिकवते. डंडी विद्यापीठातही कुटुंब व स्थानिक इतिहासाचे दूरशिक्षण आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाची पदविकाही ऑनलाइन आहे. अमेरिकेत युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ कुटुंब-इतिहासात बी.ए. देते, मॉर्मन पंथात पूर्वजांच्या नोंदींना धार्मिक महत्त्व असल्यामुळे हा विषय तेथे रुजला. या अभ्यासक्रमांतील उदाहरणे बहुतांशी चर्चच्या नोंदवह्या, जनगणना आणि मृत्युपत्रे यांची असतात. पुरावा तोलण्याची आणि संदर्भ देण्याची पद्धत त्यांतून उत्तम शिकायला मिळते, पण वतनी कागद तिथे कोणी शिकवणार नाही. म्हणून प्रथम प्रमाणपत्राच्या पायरीपुरताच प्रवेश घ्यावा, आणि पुढे भारतात नोकरी किंवा पीएच.डी. करायची असल्यास त्या ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळेल का, हे शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाकडून लेखी घ्यावे.