इंग्लंडमध्ये स्वतःच्या वायरिंगचा दाखला स्वतः देण्यासाठी

इंग्लंडमध्ये आपल्या घराचे वायरिंग आपण करण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडते ते दाखल्यापाशी. इमारत नियमांतील ‘पार्ट पी’ या घरगुती विजेच्या सुरक्षेच्या भागानुसार नवे सर्किट टाकणे, कन्झ्युमर युनिट (घरातील मुख्य फ्यूज-बोर्ड) बदलणे आणि बाथटब किंवा शॉवरलगतच्या ठरावीक क्षेत्रात जुन्या सर्किटमध्ये फेरफार करणे ही कामे बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम नियमांप्रमाणे आहे का हे पाहणाऱ्या विभागाला) कळवावी लागतात. स्वयंपाकघरातील चालू सर्किटवर सॉकेट वाढवणे 2013 मध्ये या यादीतून वगळले गेले. वेल्समध्ये ती सवलत नाही.

येथे दोन कागदांची गल्लत होते. तपासणीचे आकडे नोंदवणारे इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट कोणीही जाणकार भरू शकतो. नियमपूर्तीचा दाखला स्वतः देण्याचा अधिकार मात्र एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या इलेक्ट्रिशियनची नोंदणी करणाऱ्या योजनेत नोंदलेल्या इलेक्ट्रिशियनलाच असतो, आणि त्याने ते काम 30 दिवसांत कळवायचे असते. म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होऊनही नोंदणीवाचून अधिकार येत नाही. (महाराष्ट्रातही नव्या वीजजोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराचीच सही चालते.)

नोंदणीसाठी वायरिंगच्या कामातील लेव्हल 3 पात्रता, विमा, स्वतःची मोजणी-उपकरणे आणि केलेल्या कामाची निरीक्षकाकडून पाहणी, एवढी तयारी लागते. सिटी अँड गिल्ड्स या परीक्षा-संस्थेची, बीएस 7671 या ब्रिटिश वायरिंग-मानकावरील 2382 क्रमांकाची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून देता येते, त्यामुळे तिची धास्ती नको. खरा कस तपासणीच्या 2391 या परीक्षेत लागतो. वीज बंद असताना आधी अर्थिंगच्या तारेची सलगता, मग 500 व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचे (आपले वायरमन ज्याला ‘मेगर मारणे’ म्हणतात तेच), ज्याचे वाचन किमान 1 मेगओहम हवे. त्यानंतरच वीज सुरू करून, 32 अँपिअरच्या ‘बी’ प्रकारच्या एमसीबीसाठी अर्थ-फॉल्ट लूपचा (बिघाड झाल्यास वीज ज्या मार्गाने वाहते त्याचा) रोध 1.37 ओहमच्या आत आहे ना आणि 30 मिलिअँपिअरची आरसीडी (गळती होताच वीज तोडणारे उपकरण) 300 मिलिसेकंदांत वीज तोडते ना, हे पाहायचे.

एकाच घरासाठी हा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. त्यापेक्षा काम सुरू करण्यापूर्वीच कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवावे, किंवा योजनेत नोंदलेला त्रयस्थ तपासनीस नेमावा. काम संपल्यावर आपण या तपासनिसाला 5 दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. पण भिंतीतील केबल त्याने गिलाव्याआधीच पाहावी, अशी वेळ ठरवून घ्यावी.