इंग्लंडमधल्या शाळेची पहिली टर्म: नव्या मराठी आई-बाबांसाठी

सप्टेंबर उजाडला की आमच्या शाळेच्या फाटकाशी नवे मराठी आई-बाबा भेटतात. मी तिथे टीचिंग असिस्टंट आहे, त्यामुळे त्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: ‘पुस्तकं कुठली आणायची?’

कुठलीच नाही. इथल्या सरकारी प्राथमिक शाळेतून घरी येते ती एक बुक बॅग. तिच्यात वाचायचं एखादं पातळ पुस्तक असतं आणि आपण शेरा लिहायची रीडिंग डायरी. ऑटम टर्म म्हणजे सप्टेंबरपासून नाताळच्या सुट्टीपर्यंतचा काळ. या काळात घरी करायचं मुख्य काम एकच: रोज संध्याकाळी दहा मिनिटं मुलाला जवळ घेऊन त्याचं वाचन ऐकायचं. बाकी गोष्टी एखाद वेळी चुकल्या तरी चालेल, ही चुकवू नका.

मूल रिसेप्शनमध्ये, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या शाळेतल्या पहिल्याच वर्गात असेल तर ‘एस, ए, टी’ ही अक्षरांची नावं आधी घोकून घेऊ नका. शाळेत आधी आवाज शिकवतात. बऱ्याच शाळांत सुरुवात स्, ॲ, ट्, प्, इ, न् या आवाजांनी होते. आपण ‘स’ म्हणतो तेव्हा त्याच्या शेवटी ‘अ’ येतोच. मूल तसाच ‘स’ आणि ‘ट’ घेऊन जोडायला गेलं की ‘सॅट’ हा शब्द काही केल्या जुळत नाही. म्हणून अक्षराचा पाय मोडून उच्चार करा. ‘स्स्स्’ आणि ‘म्म्म्’ लांबवता येतात, तेवढे लांबवा. ‘प्’ आणि ‘ट्’ लांबत नाहीत, ते तुटक म्हणा.

दोन आवाजांकडे मराठी घरात मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. आपला ‘व’ एकच आहे, इंग्रजीत दोन आहेत. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेट’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. दुसरा आवाज ‘थिन’मधला. तो आपल्या ‘थ’सारखा नाही, जिभेचं टोक दातांच्या फटीत येतं. मुलाला आरशासमोर घेऊन बसा आणि तुम्हीही करा. मुलांना यात फार मजा येते.

शाळेतून आलेलं पुस्तक तुम्हाला फारच सोपं वाटेल. ‘हे तर त्याला पाठ आहे’ म्हणून लगेच परत पाठवू नका. ते पुस्तक मुलाला शिकवून झालेल्या आवाजांपुरतंच निवडलेलं असतं. पहिल्या दिवशी आवाज जोडत वाचू दे, दुसऱ्या दिवशी न अडखळता, तिसऱ्या दिवशी पात्रांचे आवाज काढत. मग गोष्टीवर गप्पा मारा, आणि त्या गप्पा मराठीत मारा. घरातली मराठी बंद करून इंग्रजी सुरू करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळाच. ज्या मुलाला ‘आधी असं झालं, म्हणून मग तसं झालं’ हे मराठीत नीट सांगता येतं, ते शब्द हाती आले की इंग्रजीतही तसंच सांगू लागतं. वर्गात हे मी सतत पाहते.

रिसेप्शनच्या पहिल्या सहा आठवड्यांत शिक्षिका प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून एक छोटी तपासणी करते. तिचं नाव बेसलाइन असेसमेंट. 2021पासून ती सक्तीची आहे. तिच्यात पास-नापास नसतं, तयारीही करायची नसते. इयर वनच्या, म्हणजे रिसेप्शनच्या पुढच्या वर्गातल्या मुलांना मात्र जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे आवाज जोडून वाचण्याची चाचणी असते. 40 शब्द वाचायचे, त्यातले 20 खोटे, म्हणजे कुठेच अस्तित्वात नसलेले. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही. त्या चाचणीचा पाया याच टर्ममध्ये घातला जातो.

आता हाताच्या सवयी. कोटाची चेन स्वतः लावणं, बूट योग्य पायात घालणं, टॉयलेटमध्ये कागद वापरणं, काट्या-चमच्याने जेवणं. आपल्याकडे चार-पाच वर्षांच्या मुलाला प्रेमाने भरवतात, आणि इथे डायनिंग हॉलमध्ये शंभर मुलांच्या गलबल्यात त्याला एकट्याने जेवायचं असतं. जेवणाची वेळ संपते आणि ताट तसंच राहतं. घरी आठवड्यातून काही जेवणं काट्या-चमच्याने होऊ द्या, सांडलं तर सांडलं. प्रत्येक कपड्यावर नाव घाला. सगळ्यांचे जंपर (शाळेचे स्वेटर) एकाच रंगाचे असतात, आणि हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत बिननावाचा जंपर शोधणं फार जिकिरीचं असतं.

रिसेप्शनपासून इयर टूपर्यंत इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत दुपारचं जेवण सगळ्यांना मोफत आहे. तुम्ही अंडं किंवा जिलेटिन खात नसाल तर ते ऑफिसला लेखी कळवा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने अंडं वगळलं जात नाही. डबा देणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बहुतेक शाळांत शेंगदाण्याला बंदी असते. कूट घातलेली भाजी, साबुदाण्याची खिचडी, दाण्याची चटणी, दाण्याचा लाडू, यातलं काहीच डब्यात नको. कुणाच्या तरी मुलाच्या जिवाशी गाठ असते. याच टर्ममध्ये शाळेत फ्लूची लस देतात, ती नाकात फवारायची असते. तिच्यात डुकरापासून केलेलं जिलेटिन असतं. ते नको असेल तर संमतीच्या फॉर्मवर तसं लिहा आणि इंजेक्शन मागा.

ऑक्टोबरात हार्वेस्ट फेस्टिव्हल येतो. त्या दिवशी टिकाऊ अन्नाचा एखादा डबा न्यायचा. तो सहसा फूड बँकेला, म्हणजे गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थेला जातो. वर्ग पानं गोळा करायला बाहेर पडतो. जाड मोजे आणि चिखलाचे बूट शाळेतच ठेवून द्या. खिशांतून कॉन्कर निघतील, म्हणजे हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी, चकचकीत बिया. त्या खायच्या नसतात, विषारी असतात, हे मुलाला आधीच सांगा. पण मोजायला, लहान-मोठ्या लावायला, दहा-दहाचे ढीग करायला त्यांच्याइतकं छान साधन नाही.

दिवाळी हाफ टर्मच्या, म्हणजे टर्मच्या मध्यावरच्या सुट्टीत आली तर उत्तम. शाळेच्या दिवशी आली तर मुख्याध्यापिकेला आधी पत्र लिहून धार्मिक सणासाठी त्या दिवसाची रजा मागा. परस्पर दांडी मारू नका. विनापरवानगी गैरहजेरी दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस झाली तर दंड होऊ शकतो: प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, आणि 21 दिवसांत भरला नाही तर 160. डिसेंबरात तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून आठवडाभर आधी भारतात निघणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. दिवाळीच्या सुमारास वर्गात येऊन काही दाखवायची तयारीही शिक्षिकेला कळवा. पणत्या सगळेच दाखवतात. तुम्ही किल्ला करून दाखवा! ट्रेमध्ये माती, वर बुरूज, तटावर मावळे. इथल्या मुलांना कॅसल माहीत असतात, त्यामुळे प्रश्नांचा पाऊस पडतो.

पाच नोव्हेंबरला बॉनफायर नाइट. 1605 साली पार्लमेंट उडवायचा कट फसला, त्याची ही आठवण. मग 11 नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता युद्धांत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ दोन मिनिटं शांतता पाळतात. त्या आठवड्यात त्याच आठवणीसाठी मुलाच्या कोटावर कागदी पॉपी, म्हणजे खसखशीच्या जातीचं लाल फूल लागतं. आदल्या रात्री त्याला यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं जरूर सांगा. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनीही दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार मिळवला: घाडगे यांना 1944च्या लढाईसाठी, मरणोत्तर, आणि जाधव यांना 1945च्या. वर्गात मूल हे सांगतं तेव्हा त्याची मान ताठ होते.

पेरेंट्स इव्हनिंगला, म्हणजे शिक्षिकेला भेटायच्या संध्याकाळी, जेमतेम दहा मिनिटं मिळतात. ‘वर्गात कितवा आहे?’ हा प्रश्न सोडून द्या, इथे नंबर काढत नाहीत. ‘एक्स्पेक्टेड’ असा शेरा आला तर वाईट वाटून घेऊ नका, मूल वयाप्रमाणे बरोबर चाललंय असा त्याचा अर्थ. त्याऐवजी विचारा: तो कुणाबरोबर खेळतो? अडलं की मदत मागतो का? घरी आम्ही नेमकं काय करावं? मूल इयर फोरमध्ये असेल तर पाढ्यांचंही विचारा. जूनमध्ये 25 प्रश्नांची चाचणी असते, एका उत्तराला सहा सेकंद. आपले पाढे चालीत म्हणायला ठेवाच, पण मधूनच ‘सेव्हन टाइम्स एट?’ असं उलटसुलट इंग्रजीतही विचारत जा. चाचणीत ओळीने येत नाहीत.

डिसेंबरात नाताळचं नाटुकलं असतं. मेंढी, तारा, उंट, काहीही व्हायचं निघेल. पोशाखाची चिठ्ठी उशिरा येते, म्हणून एक साधा पांढरा टी-शर्ट आणि काळी लेगिंग घरात असू द्या. शेवटच्या दिवशी बऱ्याच शाळा लवकर सुटतात, वेळ आधी बघून ठेवा.

आणि धाकटं भावंड पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनला जाणार असेल तर त्याचा अर्ज 15 जानेवारीपर्यंत कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या भागाच्या स्थानिक प्रशासनाकडे जायला हवा. थोरलं त्याच शाळेत आहे म्हणून जागा आपोआप मिळत नाही. नाताळच्या सुट्टीत बसून तो भरून टाका.