कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात

बी.ए.ला असताना दारव्हा ते यवतमाळ एसटीत बसलो की मी शब्दांची यादी काढायचो. रोज 30 इंग्रजी शब्द. स्पेलिंग पाठ, अर्थ पाठ. पुढे एका मुलाखतीत 'गावातल्या पाण्याबद्दल बोला' म्हणाले, आणि त्या शेकडो शब्दांतला एकही वाक्यात बसेना. फार लागलं मनाला. मी शब्द एकटे शिकलो होतो, त्यांचे सोबती शिकलोच नव्हतो.

आपल्याकडे कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, संत्री तोडतात. 'कापूस सोंगला' असं कोणी म्हटलं की हा शेतातला नाही, हे लगेच कळतं. इंग्रजीतही तसंच आहे. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग', आणि चहाही 'स्ट्राँग'. निर्णय 'मेक' करतात, फोटो 'टेक' करतात. म्हणून वहीत नुसता शब्द लिहू नका, वाचनात तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. खाली त्याच शब्दाचं एक वाक्य आपल्या घरचं, वावरातलं लिहा. माझ्या वहीत 'डिक्लाइन' हा शब्द विहिरीच्या पाण्याच्या पातळीसोबत आहे, त्यामुळे तो कधी विसरलो नाही.

कुठले शब्द आधी घ्यायचे? अवघड दिसणारे नकोत. भाषा-अभ्यासक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची (एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची) यादी मांडली. 'अॅनालाइझ', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट' असे शब्द तिच्यात आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी तिथूनच सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं.

मराठी माध्यमाची पोरं उगाच दबून असतात. संस्कृत आणि लॅटिन एकाच जुन्या कुळातल्या, त्यामुळे दन्त आणि 'डेंटल', पद आणि 'पेडल', नव आणि 'नॉव्हेल' (नवीन या अर्थाचा) ही नाती आपल्याला चटकन दिसतात. (आपलं मुंगूस तर 'मोंगूस' होऊन इंग्रजीत गेलं!) पण जपून. 'पीडियाट्रिशियन'मध्ये (बालरोगतज्ज्ञ) पाय नाही, तिथं ग्रीकमधलं मूल आहे. अंदाज बांधा, मग डिक्शनरी उघडा.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्यानं, महिन्यानं. अर्थ झाकून आधी आठवायचा, मगच बघायचा. आता रोज सातच शब्द घेतो. संध्याकाळी अभ्यासिकेत मित्राला त्या सातांतून गावातली एखादी गोष्ट इंग्रजीत सांगतो. जो शब्द अडतो, तो दुसऱ्या दिवशीच्या सातांत पहिला.