फायब्रोमायल्जिया: या चुका टाळा

फायब्रोमायल्जिया म्हणजे महिनोन् महिने अंगभर राहणारं दुखणं आणि थकवा. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि अंग मात्र ठणकतंय. अशात डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञाचं नाव काढलं की पेशंट भडकतो, "म्हणजे मी नाटक करते का?" मीही भडकले होते, त्यात दीड वर्ष फुकट गेलं. दुखणं खरंच असतं. मेंदू आणि मज्जारज्जू साध्या संवेदनेचाही आवाज मोठा करून ऐकवतात; ताण, भीती, जागरण तो आणखी वाढवतात. सीबीटीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, काम होतं ते या वाढवणाऱ्या गोष्टींवर.

सगळ्यात महागात पडते ती बऱ्या दिवशी सगळं उरकण्याची हौस. एका एप्रिलमध्ये जरा हलकं वाटलं, तर मी कुरडयांचा घाट घातला. गहू तीन दिवस भिजवले, वाटून चीक काढला, शिजवून हाटला आणि गच्चीवर सोऱ्या दाबत बसले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ठेव आता." "एवढंच पातेलं," म्हणत मी दुपार केली. दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. आठ दिवस अंथरुणात! वाळलेल्या कुरडया जाऊबाईंनीच डब्यात भरल्या. पडल्या पडल्या डोक्यात एकच, आता हे कधीच बरं होणार नाही. त्या घोकण्यानं दुखणं आणखी चढलं.

आता ओट्यावर टायमर असतो. २० मिनिटं झाली की कणीक अर्धवट असली तरी हात धुते. बरं वाटत असतानाच थांबायचं. आणि वाईट दिवशीही घरातल्या घरात १० मिनिटं चालायचं. यालाच पेसिंग म्हणतात. नवे लोक चौथ्याच दिवशी मिनिटं दुप्पट करतात, आडवे होतात आणि "पेसिंगचा काही उपयोग नाही" म्हणून सांगत सुटतात.

दुखण्याची नोंद तासातासाला नको, रात्री एक ओळ पुरे.

ध्यानाला बसून "गेलं का दुखणं?" असं तपासू नका. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा, कार्यक्रमसुद्धा आठ आठवड्यांचा आहे. रील बघून पाच दिवसांत काय होणार?

चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

सांधा सुजला, ताप आला, वजन उतरलं, तर ते फायब्रोच्या खात्यावर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. माझ्या ओळखीतली एक जण वर्षभर थकवा "फायब्रोचाच" म्हणत राहिली, थायरॉइड निघाला.