काळ्या रानातून भ्रंशाकडे

एमएस्सीला सर म्हणाले, "भ्रंशातल्या मातीवर काम कर." भ्रंश म्हणजे जमिनीतली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात. मला वाटलं, सोलापुरात बसून भ्रंश कुठला शोधायचा? आमच्या घरी भूकंप म्हणजे 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती बोळवून माणसं नुकती आडवी झाली होती आणि तिकडे किल्लारी पडलं. आई अजून सांगते, फडताळातली भांडी वाजली नि सगळे अंगणात पळाले. त्यापायी हो म्हटलं.

सुरुवात आमच्या रानातच झाली. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि पहिल्या पावसात चप्पल हातात घेऊन चालायची वेळ. कारण एकच, माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीतलं खनिज. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं, ते फुगतं, निसरडं होतं. भ्रंशाच्या दोन बाजू घासून मधे जो भुगा साचतो, त्यात हेच असलं तर? बहुतेक खडकांचा घर्षणांक, म्हणजे पकड मोजायचा आकडा, 0.6 ते 0.85; ओल्या माँटमोरिलोनाइटचा 0.2 च्याही खाली जातो.

निसरडं म्हणजे भूकंप जास्त, असं मीही परीक्षेत लिहून आलो होतो. खरं तर ताण साठायला पकड लागते. चिकणमातीचा भ्रंश बहुधा संथ सरकत राहतो. वेग वाढला की त्याचा विरोधही वाढतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशात पार्कफिल्डजवळ सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा अशा सरकत्या पट्ट्यात सॅपोनाइट सापडलं, माँटमोरिलोनाइटचंच भावंड, घर्षणांक जेमतेम 0.15. पण हेही पाठ करून बसू नका. 2011 च्या भूकंपात जपानजवळ समुद्रतळाशी स्मेक्टाइटने (माँटमोरिलोनाइट, सॅपोनाइट ज्यात येतात त्या फुगणाऱ्या खनिजांच्या गटाने) भरलेला उथळ पट्टाच सुमारे 50 मीटर सरकला. खालून घसरण जोरात आली, की घर्षणाच्या उष्णतेने मातीतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि उरलीसुरली पकडही सुटते.

आता प्रयोगशाळेचं. मातीत कोणती खनिजं आहेत ते एक्स-रेने ओळखायचं, तर 2 मायक्रॉनखालचे (मिलिमीटरच्या दोन हजारांशाहून बारीक) कण वेगळे काढावे लागतात. पुस्तक सांगतं, नमुना पाण्यात ढवळा, 8 तास थांबा, वरच्या 10 सेंटीमीटरमधून पिपेटने घ्या. मी मे महिन्यात तंतोतंत तसंच केलं. ते 8 तास 20 अंशांच्या पाण्याचे! आमच्या खोलीत पाणी 35 अंशांवर, पातळ झालेलं. तिथं पावणेसहा तास पुरतात. जास्त थांबल्याने थोडे जाड कण खाली बसले, स्मेक्टाइट जास्त दिसू लागलं, आणि डिसेंबरच्या नमुन्यांशी तुलना करायची सोयच उरली नाही. अकरा नमुने पुन्हा केले. आता सिलिंडरमध्ये थर्मामीटर टाकल्याशिवाय मी घड्याळ लावत नाही.